मजकुराची बाजू आणि पत्त्याची बाजू

मी ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. निबंध म्हटलं की वर्गात सगळ्यांच्या पेन्सिलींची टोकं एकदमच मोडतात. 'पावसाळ्यातील एक दिवस' दिला तर घरात गुडघाभर पाणी शिरलेली पोरं मोर आणि इंद्रधनुष्य लिहितात, कारण गाईडमध्ये तेच असतं. तीच पोरं मधल्या सुट्टीत, आईने शेगडी कॉटवर चढवून भात कसा लावला ते हातवारे करून सांगतात. सांगायला भरपूर आहे हो, पण वही वाचणार बाई, आणि तीही चुका काढायला. गोडी कशी लागणार?

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पोस्टकार्डं आणली. पन्नास पैशांना एक! वर्गभर एकदम हवी असतील तर पोस्टात आधी सांगून ठेवलेलं बरं.

कार्डाचा मोठा गुण म्हणजे ते लहान असतं. कोरं पान बघून गांगरणारी पोरं "एवढंच?" म्हणतात आणि मग जागा पुरत नाही म्हणून कडेने उभ्या ओळी घालतात. गावी आजी-आजोबांना, मामाला, कुणालाही लिहा म्हटलं. आधी शेजारच्याला तोंडी सांगायचं, त्याने निदान एक प्रश्न विचारायचा, मग लिहायचं. 'शिरसाष्टांग नमस्कार' मी काढूनच टाकला. एक मुलगी म्हणाली, "बाई, असं लिहिलं तर आजीला वाटेल दुसऱ्याच कुणाचं पत्र आलंय."

मजकुराला मी हात लावणार नाही, हे कबूल केलं होतं. पत्त्याच्या बाजूला मात्र सूट नव्हती. तिथला ऱ्हस्व-दीर्घ, अक्षर, पिनचा प्रत्येक आकडा पोस्टमनने वाचायचाय. जी मुलं शुद्धलेखनाला जांभया देतात, ती 'जि. सातारा' तीन-तीनदा खोडून नीट लिहीत होती.

पत्ते मिळवणं हाच मोठा गृहपाठ झाला. एका वडिलांचं म्हणणं, "एसटी स्टँडवर उतरून विचारलं की कुणीही घर दाखवतं." मग गावी फोन झाले. मु. पो., ता., जि. म्हणजे काय ते कळलं. सगळ्यांचे पिन ४ ने सुरू होतात आणि बेळगावच्या आजीचा ५ ने, हे पोरांनीच हेरलं. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र ४ मध्ये, कर्नाटक ५ मध्ये. नकाशा त्या दिवशी आपोआप शिकवून झाला.

दरम्यान एका पालकांची तक्रार आली, वहीत लाल शाई दिसत नाही, तुम्ही तपासता की नाही? मी पत्त्याची बाजू दाखवली. त्यांचं समाधान झालं असं नाही.

पहिलं उत्तर पाटण तालुक्यातून आलं. आजोबांचं अक्षर इतकं तिरकं की अर्धा वर्ग कार्डावर वाकून एकेक शब्द लावत होता. 'म्हैस व्याली. रेडी झाली. नाव तू सुचव.' त्या मुलाने दुसरं कार्ड मागून घेतलं. नावं चार, प्रत्येकापुढे कारण, आणि खाली ताकीद: 'काकाला विचारू नका, तो सगळ्यांना राणीच म्हणतो.' याच मुलाच्या वहीत जूनपासून दोन ओळींच्या वर काही नव्हतं.

सगळ्यांनाच उत्तरं आली नाहीत. फोनवर "मिळालं गं" म्हणून काही आज्या मोकळ्या झाल्या. ती तोंडं बघवेनात, म्हणून ठाण्याजवळच्या दिवा गावात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या वर्गाशी त्यांची जोडी लावून दिली.

घटक चाचणीत निबंध पुन्हा बरेचसे गाईडमधलेच आले. गुण कशाला मिळतात ते पोरांना पक्कं ठाऊक आहे. 'माझा आवडता प्राणी'मध्ये एकाने मात्र रेडी लिहिली, आजोबांच्या पत्रातल्या सगळ्या बारकाव्यांसकट. दिवा गावाहून पत्रांची दुसरी खेप परवा आली. त्यात खाडीवरच्या खेकड्यांबद्दल इतकं काही आहे की आमची पोरं आता एका कार्डात भागत नाही म्हणून आंतरदेशीय पत्र मागताहेत. ते अडीच रुपयांचं.