लाईन जाणाऱ्या गावात लिनक्स मिंट: वाचनालयाच्या मशीनची प्रगती

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयातला डेस्कटॉप आता पूर्णपणे लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीवर, आला आहे. चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज ११ च्या अटीत न बसणारा प्रोसेसर, असं ते मशीन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि असली मशीनं गावात बरीच निघाली. मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घेतली, कारण ती हलकी आहे आणि या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दोन जीबी रॅमवरही ती चढते, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन दमतं. नवीन माणसानं चार जीबी धरूनच चालावं.

नवशिक्यांसाठीच्या सूचना बहुतेक वेळा थीम, डॉक आणि टर्मिनलपासून सुरू होतात. गावात लोक आधी विचारतात की डेटा किती लागेल, लाईन गेली तर काय होईल आणि मराठी कसं टाइप करायचं. एवढं पहिल्या आठवड्यात जमलं तर माणूस लिनक्सवर टिकतो, नाहीतर परत जातो, असं माझं पक्कं मत झालं आहे.

डेटाचं आधी सांगतो. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे जिच्यावरून मिंट इन्स्टॉल होतं ती, जवळपास तीन जीबीची असते आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक तिला पुरत नाही. ब्राउझरमधून उतरवताना नेट तुटलं तर बरेचदा पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. म्हणून मिंटच्या साइटवरून टोरेंट फाइल घ्या. आज अर्धी, उद्या अर्धी उतरली तरी चालतं, आणि टोरेंट प्रत्येक तुकडा तपासूनच घेतो, त्यामुळे फाइल खराब निघायची भीती राहत नाही. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करता यावं म्हणून त्यावर व्हेंटॉय हा प्रोग्राम टाकून ठेवा. मग आयएसओ नुसती कॉपी केली की झालं, आणि एकाच ड्राइव्हवर दोन-तीन लिनक्स सोबत राहतात. एकानं उतरवलेली फाइल मग गावभर फिरू द्या.

इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. प्रिंटर तर नक्कीच, कारण काही जुन्या लेझर प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवशिक्याचं काम नाही. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. मिंटला ते वायरचं नेटवर्क वाटतं आणि लगेच नेट चालू होतं. त्यावरून ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो.

विंडोजही सोबत ठेवणार असाल तर विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि तिकडच्या ड्राइव्हवर मिंटमधून काही लिहिता येत नाही. घड्याळही साडेपाच तासांनी इकडे-तिकडे होतं. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स जागतिक वेळ, आपण तिच्यापुढे बरोबर साडेपाच तास. मशीन बिघडलेलं नसतं. मिंटलाच स्थानिक वेळ धरायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

आता मराठी. यावर जितका वेळ द्याल तितका थोडा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर भारताखाली मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट मिळतो. तो जोडा आणि बदलण्यासाठी आल्ट-शिफ्ट ठेवा. त्याला ना नेट लागतं, ना वेगळं सॉफ्टवेअर. इनस्क्रिप्टची मांडणी एकदा कळली की विसरत नाही, कारण डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आमच्या तालुक्याचंच नाव घ्या. 'दारव्हा' लिहायला ओ, ई, जे, बी, डी, यू, ई या कळा ओळीनं दाबायच्या. यातली डी म्हणजे हलन्त, जोडाक्षर तिच्यानंच होतं. 'शेतकऱ्याला' मधला 'ऱ्या' मात्र साध्या र नं लिहू नका, त्याचा रफार होऊन 'शेतकर्याला' असं चुकीचं उमटतं. शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग य. सातबाऱ्याच्या अर्जात हा शब्द दर दोन ओळींनी येतो.

वाचनालयात येणाऱ्या मुलींनी सरकारी टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, शिकली आहे, बोटं त्यावरच बसली आहेत. त्यांना इनस्क्रिप्ट शिका म्हणणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी आयबस आणि एम-सतरा-एन ही टायपिंगची सॉफ्टवेअरं टाकली, त्यात मराठी रेमिंग्टन मिळतं. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेल्या फाइली मात्र तो फाँट नसेल तर उघडल्यावर अगम्य दिसतात. फाइल खराब झालेली नसते, तिच्यातला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

आणि लाईन. आमच्याकडे ती केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि वाचनालयाला इन्व्हर्टर नाही. मिंट ज्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर बसतं तिच्यात जर्नल असतं. डिस्कवर बदल करण्याआधी त्याची नोंद तिथे होते, त्यामुळे अचानक बंद पडलं तरी सहसा पुढच्या वेळी मशीन स्वतःच सावरतं. पण तुम्ही सेव्ह न केलेलं पत्र त्यानं वाचवलं जात नाही. लिब्रेऑफिसमध्ये आपोआप सेव्ह होण्याची वेळ दहा मिनिटांवर असते, ती दोनवर आणा.

कधीतरी काळ्या पडद्यावर 'इनिट्रॅमएफएस' अशी ओळ येते आणि मशीन तिथंच थांबतं. ग्रंथपाल काकाजींचा फोन आला, "भाऊ, लाईन गेली अन् मशीन खपलं वाटते. दुकानात न्या लागते का?" मी म्हटलं, थांबा काकाजी, वरची ओळ वाचून दाखवा. त्याच संदेशात कोणतं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, तपासायचं ते लिहिलेलं असतं. 'एफएसचेक' ही आज्ञा ('एफ-एस-सी-के' या चार अक्षरांची), मग वजा चिन्ह आणि वाय, आणि पुढे पार्टिशनचा तोच पत्ता, एवढं टाइप करायचं. मग 'एक्झिट'. काकाजींनी फोनवर ऐकत एकेक अक्षर दाबलं आणि डेस्कटॉप उघडला. दुकानात पहिला उपाय फॉरमॅटचाच निघतो, म्हणून नवशिक्यानं ही आज्ञा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवावी. अपडेटच्या मधातच लाईन गेली असेल तर टर्मिनलमध्ये डीपीकेजीला (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला) 'कॉन्फिगर' करायला सांगितलं की अर्धवट राहिलेलं काम पुरं होतं.

अपडेट मॅनेजरमध्ये अपडेटचा आकार पाहता येतो. सुरक्षेचे आणि ब्राउझरचे आधी घ्या, बाकीचे नेट चांगलं असेल तेव्हा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तेच ॲप सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक अशा दोन रूपांत असेल तर सिस्टिम पॅकेज निवडा. फ्लॅटपॅकसोबत आधाराच्या फाइलीही उतरतात आणि पहिल्याच ॲपला शेकडो एमबी जातात. एकाच आवृत्तीची दोन-तीन मशीनं असतील तर एका मशीनवर ॲप्ट-गेट या आज्ञेनं उतरवलेल्या फाइली पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यांना देता येतात.

मशीन आधीच्या स्थितीत परत नेता यावं म्हणून टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा. पण ते प्रणालीच्या फाइलींसाठी आहे, तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात मुळात येत नाहीत. ती वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी लागतात. वाचनालयाची सभासद नोंद मी दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घेतो.

आता या मशीनला एसएसडी लावायची आहे. फिरत्या डिस्कवर मिंट चालू व्हायला फार वेळ लागतो, आणि जुन्या मशीनला रॅमपेक्षा एसएसडीचा फायदा अधिक जाणवतो. त्यासोबत छोटा यूपीएसही येईल. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आतापासूनच सराव परीक्षांच्या पीडीएफ घेऊन बसली आहेत, त्यांना वेगळी खाती करून देण्याचं काम पुढच्या आठवड्यात हाती घेतो.