एक्स्त्रेमादुरातील एप्रिल : उडती गिधाडे आणि माळावरचे आवाज

या वसंतात स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात जाताना सूचीत लाईफर (म्हणजे आयुष्यात प्रथमच पाहिलेले पक्षी) किती वाढतात यापेक्षा दोन गोष्टी पक्क्या करण्याचे मी ठरवले होते : उंच आकाशातील गिधाड केवळ उडण्याच्या ढबीवरून ओळखणे आणि माळावरचे पक्षी आवाजावरून शोधणे. पहिलीत समाधानकारक प्रगती झाली. दुसरी निम्म्यावर अडली.

गिधाडांच्या अभ्यासाला मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यानाइतकी सोयीची जागा माझ्या पाहण्यात नाही. ताहो नदीपलीकडील पेन्या फाल्कोनच्या कड्यावर ग्रिफन गिधाडांची वसाहत आहे आणि समोरच्या साल्तो देल हितानो या रस्त्याकडेच्या जागेवरून ती घरटी स्कोपमध्ये (पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीत) स्पष्ट दिसतात. भल्या पहाटे तेथे जाण्याची घाई मात्र करू नये, कारण ऊन चढून उष्ण हवेचे झोत उठू लागेपर्यंत हे जड पक्षी कडा सोडत नाहीत. ते उठले की वरच्या किल्ल्यावर जावे; तेथून ते अगदी नजरेच्या पातळीवर तरंगत जातात आणि पंखांची ठेवण नीट न्याहाळता येते. ग्रिफन घिरट्या घालताना पंख किंचित वर उचलून धरते आणि पंखाची मागची कड मध्यभागी फुगीर असते. काळ्या गिधाडाचे पंख याउलट सपाट फळीसारखे, पुढची-मागची कड जवळजवळ समांतर आणि टोके जराशी खाली कललेली. ते कड्यावर नव्हे, तर झाडावर घरटे करते. पांढरे गिधाड आपल्या ओळखीचेच असून पाचरीसारख्या शेपटीमुळे त्याबद्दल शंका राहत नाही. मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारताने 2006 मध्ये बंदी घातली, त्यामागची कारणे जगजाहीर होती, आणि तरीही स्पेनने 2013 मध्ये त्याच औषधाला परवानगी दिली, हे ही वसाहत पाहताना अधिकच अनाकलनीय वाटते.

स्पॅनिश इंपीरियल गरुड याच उद्यानातील पोर्तिया देल तिएतारजवळ दिसला. पंखांच्या पुढच्या कडेवरील पांढरा पट्टा हीच प्रौढ पक्ष्याची खात्रीची खूण. 1960च्या दशकात याच्या सुमारे 30 जोड्या उरल्या होत्या. विजेच्या धोकादायक खांबांची दुरुस्ती आणि इतर संरक्षणामुळे आता त्या 500हून अधिक झाल्या आहेत. वीजवाहिन्यांमुळे जीव गमावणाऱ्या आपल्या माळढोकाचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

माळढोकाचा युरोपीय भाऊबंद ग्रेट बस्टर्ड त्रुहीयोच्या आसपासच्या माळांवर भेटतो. नर एप्रिलमध्ये पंख आणि शेपूट उलटी करून पांढऱ्या पिसांचा फुगलेला गोळा होतो, त्यामुळे तो फार दुरूनही हेरता येतो. येथे वेळापत्रक नेमके उलटे : उजाडण्यापूर्वी पोहोचावे, कारण दहाच्या सुमारास उन्हाची झळ स्कोपमध्ये सगळे चित्र हलवू लागते. लिटल बस्टर्डचा नर मात्र उंच गवतात दडलेला असतो. त्याचा कोरडा, आखूड, फुसकुलीसारखा आवाज ऐकून दिशा धरावी आणि मग झटक्याने मागे जाणारे डोके शोधावे. हे तंत्र आता जमू लागले आहे.

त्रुहीयो गावातच, बैलझुंजीच्या आखाड्याच्या कौलांखाली, लेसर केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याची वसाहत आहे. नराच्या तांबूस पाठीवर ठिपके नसतात आणि गालावर मिशीसारखी रेघ नसते, एवढे पाहिले की नेहमीच्या खरुचीशी गल्लत होत नाही.

अडले ते चंडोलांपाशी. कलांद्रा चंडोल काळ्याभोर पंखतळामुळे आणि मागच्या पांढऱ्या कडेमुळे सोपा आहे, परंतु तुरेवाला आणि थेक्ला या दोन सारख्या दिसणाऱ्या चंडोलांचे प्रकरण आपल्या मलबारी आणि सायक्सच्या चंडोलांइतकेच किचकट निघाले. थेक्ला खडकाळ, झुडपी उतार पसंत करतो आणि तुरेवाला शेतांच्या व रस्त्यांच्या कडेला राहतो, हा अधिवासाचा आधार बराच उपयोगी पडतो. मात्र दोघांच्या सीमेवर दिसलेले पक्षी मी वहीत दोन्ही नावांच्या मधल्या रकान्यात ठेवले आहेत. पुढील वसंतापर्यंत दोघांच्या शिळेची ध्वनिमुद्रणे ऐकून कान तयार करायचा आहे. कोणाला चोचीच्या आकारावरून हमखास निवाडा करता येत असेल, तर ती पद्धत अवश्य सांगावी.