तोनारिगुमी : दहा घरांचा एकमेकांवर पहारा

टोकियोतील कुदानशिता स्थानकाजवळच्या शोवा-कान संग्रहालयात युद्धकाळातील साध्या घरांचे जगणे मांडलेले आहे. तेथील रेशनची कुपने पाहताना मी ज्या व्यवस्थेचा माग काढत आले होते, तिचे बळ पोलिसांपेक्षा तांदळात होते, हे मला प्रथमच नीट उमगले.

सप्टेंबर 1940 मध्ये गृहमंत्रालयाच्या आदेशाने शेजारची सुमारे दहा-दहा घरे ‘तोनारिगुमी’ या गटांत बांधली गेली. सरकारी सूचना ‘काइरानबान’ या फिरत्या फळीवरून घरोघर जात. वाचून आपला शिक्का उमटवायचा आणि फळी पुढच्या दारी द्यायची. कवायतीला कोण आले नाही, बचत-रोख्यांत कोणी हात आखडता घेतला, हे शेजाऱ्यांना आपोआप कळे, त्यासाठी वेगळा हेर नेमण्याची गरज उरत नसे. एप्रिल 1941 पासून मोठ्या शहरांत तांदळाचे रेशन सुरू झाले, प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 330 ग्रॅम; पुढे वाटपाचे कामही या गटांकडे येत गेले, त्यामुळे ज्यांची मर्जी राखायची आणि ज्यांच्यापुढे जीभ आवरायची ती माणसे एकच झाली. शेजारधर्माचा हा वापर मला उघड दडपशाहीहून अधिक क्रूर वाटतो. त्याचे मूळही जुने आहे: एदो काळातील (1603–1868) ‘गोनिनगुमी’ या पाच घरांच्या गटांत एकाच्या गुन्ह्याचा किंवा थकलेल्या कराचा भार पाचही घरांवर पडत असे.

कुदानशिताहून हानझोमोन मेट्रो मार्गाने सुमियोशीला उतरले आणि तेथून चालत कितासुना भागातील टोकियो हवाई हल्ले व युद्धहानी केंद्रात गेले. लोकांच्या देणग्यांतून उभे राहून 2002 साली उघडलेली ही छोटी वास्तू आहे. येथे सामूहिक जबाबदारीची किंमत दिसते. 1937 च्या हवाई संरक्षण कायद्यात 1941 साली दुरुस्ती होऊन आग विझवणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरले, शहर सोडून जाण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि आज्ञाभंगासाठी 500 येनपर्यंत दंडाची तरतूद झाली. बायका आणि म्हातारी माणसे रांगेत उभी राहून हातोहात पाण्याच्या बादल्या पुढे देण्याचा सराव करत.

येथे एम-69 या आगलाव्या बाँबचा नमुना ठेवला आहे. सुमारे अर्धा मीटर लांबीची ही षटकोनी नळी आत दाट केलेल्या पेट्रोलने भरलेली असे. अशा 38 नळ्या एका जुडग्यातून सुटत. अमेरिकी विमानांच्या रात्रीच्या हल्ल्यात 10 मार्च 1945 च्या पहाटेपर्यंत याच भागात सुमारे 1 लाख माणसे मेली. पळण्याआधी आग विझवण्याची शिकवण अनेकांनी पाळली, आणि घर सोडायला निघेपर्यंत गल्लीची दोन्ही टोके पेटलेली होती.