फुप्फुसाचा कर्करोग, केमो आणि बायोप्सीचा ब्लॉक: माझा अनुभव

बायोप्सीच्या, म्हणजे फुप्फुसातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीच्या अहवालात अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) निदान झाले आणि त्यानंतरचे स्कॅन व कर्करोगतज्ज्ञांची भेट हे सारे कोल्हापुरातच भराभर पार पडले. पुढचे पाऊल मात्र मेणाच्या एका लहानशा ब्लॉकपाशी अडले आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी तंबाखूला कधीही हात लावलेला नाही. अशा रुग्णांत ईजीएफआर या जनुकातील बदल आढळण्याची शक्यता अधिक असते आणि तो आढळल्यास केमोऐवजी रोजच्या गोळीने उपचार करता येतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. ही तपासणी बायोप्सीच्या तुकड्यावरच करायची होती. तो तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो; यालाच ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक मुंबईला पाठवायचा होता.

गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून माझा मुलगा ब्लॉक आणायला प्रयोगशाळेत गेला, तेव्हा खिडकीवर त्याला सांगण्यात आले की काचेच्या स्लाइड मिळतील, ब्लॉक मिळणार नाही. डॉक्टरांचे पत्र नेले, तर रुग्णाची सही हवी. सही नेली, तर रुग्णाने ओळखपत्रासह स्वतः यावे. छातीत पाणी झालेले असताना, प्रत्येक पायरीवर दम घेत मी तो जिना चढले आणि वर गेल्यावर समजले की ज्यांच्या परवानगीने ब्लॉक मिळतो, ते रजेवर आहेत. नोंद ठेवणे आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. परंतु लागणारी सगळी कागदपत्रे पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून देणे त्यांना अशक्य नव्हते. अखेर पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे बायोप्सीचा तुकडा तपासणारे डॉक्टर, स्वतः भेटले, त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि चहा निवायच्या आत ब्लॉक आमच्या हातात आला. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की बायोप्सीचा अहवाल घेतानाच ब्लॉकची लेखी मागणी करावी, खिडकीवर वाद न घालता पॅथॉलॉजिस्टना भेटावे आणि तपासणीनंतर उरलेला ब्लॉक परत मागून घ्यावा, कारण पुढे त्याची पुन्हा गरज पडू शकते.

माझ्या अहवालात तो बदल आढळला नाही. वाईट वाटले, पण दिशा ठरली: दर 21 दिवसांनी कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड या औषधांची केमो. पेमेट्रेक्सेडपूर्वी सुमारे आठवडाभर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बी-12चे इंजेक्शन सुरू करावे लागते. डॉक्टरांनी ते अहवालाची वाट पाहत असतानाच सुरू केल्यामुळे आणखी विलंब टळला.

केमोनंतरचे पहिले काही दिवस तोंडाला लोखंडासारखी चव असे. तांबडा रस्सा सोसवत नसे, घरी केलेला सौम्य पांढरा रस्सा मात्र घोटघोट जाई. उलटीवरच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, हे आधी विचारून ठेवावे. प्रत्येक केमोपूर्वी रक्ततपासणी होते आणि पेशी कमी आढळल्यास तारीख पुढे जाते. तसे झाल्यास उपचार फसला असे समजू नये.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी आधार आणि शिधापत्रिकेवरील नाव जुळते का, हे आधीच पाहून रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे. घरात थर्मामीटर हवाच. ताप 100.4 अंश फॅरेनहाइटपर्यंत गेला, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि केमो सुरू असल्याचे दारातच सांगावे.