वहीतले ९०.००

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी द्वैती ताऱ्यांच्या, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांच्या, प्रकाशमापनातून स्पंदने शोधणारा एक प्रोग्राम लिहिला होता आणि तो टेस उपग्रहाच्या निरीक्षणांवर चालवण्याची मला भारी घाई झाली होती. आमच्या मॅडमनी मात्र आधी केप्लर दुर्बिणीच्या जुन्या संग्रहातील एका ताऱ्यावर तो तपासून दाखवायला सांगितले. तारा होता केओआय-५४, हंस तारकासमूहातला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पण लहानशा दुर्बिणीतून सहज सापडणारा. त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे हे मला ठाऊक होते. मॅडमनी कक्षेचे आकडे तेवढे हाती दिले आणि बजावले, "बाकी काही वाचू नकोस. आधी तुझे आकडे काढ."

पडद्यावर आलेख उमटला तेव्हा प्रथम मी नुसती पाहत राहिले. सुमारे महिनाभर रेषा जवळजवळ सपाट जाते, मग एकाएकी प्रकाश सुमारे ०.७ टक्क्यांनी उसळतो, दोन-तीन दिवसांत खाली येतो, आणि बरोबर ४१.८ दिवसांनी पुन्हा तेच घडते. हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाशी असलेल्या या साम्यामुळेच अशा जोड्यांना हृदयस्पंदी तारे म्हणतात. इथले दोन्ही तारे सूर्याच्या सव्वादोन ते अडीचपट वस्तुमानाचे आहेत, पण त्यांची कक्षा कमालीची लांबट आहे, उत्केंद्रता ०.८३ (वर्तुळाची शून्य असते). एका टोकाला त्यांच्यात शुक्र आणि सूर्य यांच्याइतके, म्हणजे सुमारे ११ कोटी किलोमीटरांचे अंतर असते, तर दुसऱ्या टोकाला ते जेमतेम एक कोटी किलोमीटरांवर येतात. त्या काही तासांत भरतीच्या ओढीने दोघेही लांबुळके होतात आणि समोरासमोरच्या बाजू एकमेकांच्या उजेडाने तापतात. उसळी या दोन्हींची मिळून होते.

मला हवी होती ती स्पंदने या उसळ्यांच्या मधल्या सपाट वाटणाऱ्या भागात. आलेख मोठा करून पाहिला तर ती रेषा सपाट नव्हतीच. साधारण ११ तासांची बारीक थरथर सतत चालू होती आणि तिचा उंचसखलपणा एका प्रदक्षिणेत एकदा वाढत व एकदा ओसरत होता. प्रोग्रामने वारंवारता काढल्या. मी प्रत्येकीला कक्षेच्या वारंवारतेने भागून वहीत भागाकार लिहीत गेले. पहिला आला ९०.००, दुसरा ९१.००. दोन्ही ताऱ्यांच्या प्रकाशात यांचा वाटा दहा हजारांत दोन-तीन भाग इतकाच, पण आकडे असे की कुणी मुद्दाम बसवावेत. मी शेजारी लाल पेनाने लिहिले, "प्रोग्राम चुकला आहे."

माझ्या संशयाला कारण होते. माझ्या डोक्यात देवळातल्या घंटेचे चित्र होते. सोबती जवळून जाताना टोला देतो, तारा वाजत राहतो, आणि घंटेचा नाद टोले किती वेळाने पडतात यावर थोडाच अवलंबून असतो? मग भागाकार पूर्णांक का यावा? त्यात ९० हा आकडा पाहून मी आणखीच बिथरले, कारण केप्लर यान सौरपट्ट्या सूर्याकडे ठेवण्यासाठी दर तीन महिन्यांनी ९० अंशांत वळत असे आणि त्या प्रत्येक सांध्यावर प्रकाशमापनात उडी दिसते. दुसरा आरोपी खुद्द उसळी होती. ठरावीक काळाने येणारी कुठलीही टोकदार उसळी कक्षेच्या वारंवारतेच्या पूर्णांक पटींमध्येच विखुरते.

म्हणून प्रत्येक उसळीभोवतीचे काही दिवस मी कापून टाकले. ९० आणि ९१ जागचे हलले नाहीत. पण या कापण्यातूनच दर ४१.८ दिवसांनी एक खिंडार तयार झाले होते, आणि अशी खिंडारे वारंवारतांच्या आलेखात खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना नेमक्या एकेका पटीच्या अंतरावर खोटी शिखरे उभी करतात, त्यामुळे ९१ ही ९०ची सावली असण्याची शक्यता उरलीच. दुपारी अखेर मूळ निरीक्षणांत मी स्वतःच एक कृत्रिम स्पंदन मिसळले, मुद्दाम ९०.३७ पटीचे, आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. त्याने ९०.३७ बिनचूक परत दिले, आणि ९०.०० व ९१.०० होते तिथेच होते. दोष प्रोग्रामचा नव्हता. मी वही घेऊन मॅडमकडे गेले.

त्यांनी पान पाहिले आणि विचारले, "अगं, तारा आपणहून वाजतोय, की त्याला कुणी वाजवतंय?"

माझी घंटा तिथेच फुटली. टोल्यानंतरचा नाद विरत जातो. इथे थरथर वर्षानुवर्षे तशीच आहे, कारण ओढ दर फेरीला त्याच तालात येते. अशी आवर्ती ओढ पूर्णांक पटींचीच बनलेली असते, म्हणून ताऱ्याचा टिकाऊ प्रतिसादही त्याच पटींमध्ये मिळतो. त्यांतली जी पट ताऱ्याच्या स्वतःच्या एखाद्या गुरुत्व-स्पंदनाला अगदी जवळची, ती फुगते. (ही स्पंदने ताऱ्यातल्या वायूच्या उत्प्लावनाची, लायगो वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरींशी यांचा संबंध नाही. नावांच्या या घोळाने मी स्वतः एकदा चर्चासत्रात फसले आहे.) आणि ९० व ९१ यांच्यात एकाचाच फरक असल्याने त्यांचा एकत्रित चढउतार नेमका एका प्रदक्षिणेत पुरा होतो. सकाळी मोठ्या केलेल्या आलेखात मला तोच दिसला होता.

"मग हे दोन?" मॅडमनी पानाच्या तळाशी बोट ठेवले. तिथे २२.४२ आणि ६८.५८ होते. पूर्णांकांच्या धास्तीत या दोघांकडे मी पाहिलेच नव्हते. उलट सगळ्या यादीत हेच मला साळसूद वाटले होते. मॅडम काही बोलल्या नाहीत. मी पेन्सिलीने बेरीज केली. ९१.००.

एखादे ओढलेले स्पंदन पुरेसे मोठे झाले की ते आपली ऊर्जा दोन संथ स्पंदनांना देऊ शकते. त्या दोघांना कक्षेचा ताल पाळण्याचे बंधन नसते, मात्र त्यांची बेरीज मूळ स्पंदनाइतकीच भरावी लागते. संध्याकाळी वाचायची परवानगी मिळाली. २०११च्या मूळ शोधलेखाच्या तक्त्यात माझे चारही आकडे होते आणि २०१२च्या सैद्धांतिक लेखांत त्या बेरजेची चर्चाही होती. सुटल्यासारखे वाटले, आणि खरे सांगायचे तर जरा हिरमुसलेही.