साधा फ्रिज, बारीक काटा आणि हाडासकट शोल्डर: कमी खर्चातलं क्युरिंग कुठवर आलंय

तर मंडळी, अपडेट. यावेळी अख्खा पोर्क शोल्डर हाडासकट आणला, कारण सोललेले, साफ केलेले तुकडे घेतले की त्या कापाकापीची मजुरी आपल्याच खिशातून जाते आणि सुरीला धार असेल तर ते काम घरी आरामात होतं. दोन स्नायूंच्या मधे तो पांढरट पातळ पडदा असतो ना, त्याच्या कडेने नुसतं सुरीचं टोक फिरवत जायचं, तुकडे आपोआप सुटतात. जोर लावावा लागतोय म्हणजे पडदा सोडून मांसात घुसलो. मानेकडचा लांबट गोल तुकडा वाळवायला ठेवला, मधला मोठा गोळा क्युअर करून (म्हणजे मीठ आणि नायट्राइट लावून मुरवून) शिजवायला, बारीकसारीक सॉसेजला, चरबी वितळवायला, हाडं आणि कातडं स्टॉकला. ग्रंथी सापडल्या तेवढ्या टाकल्या, बाकी काही वाया गेलं नाही.

आता पैशाचं गणित, कारण नवीन लोक इथेच फसतात. हँग करून वाळवलेलं मांस दिसायला भारी पण त्यात वजन साधारण ३५ टक्के उतरवायचं असतं, म्हणजे १ किलोचे राहतात ६५० ग्रॅम, म्हणजे कच्च्या मालाचा भाव जो असेल त्याच्या दीडपटीहून जास्त भाव तयार मालाला पडला, आणि चेंबर, पंखा, ह्युमिडिटी कंट्रोलर वगैरे चोचले वेगळेच. क्युअर करून शिजवलेल्या तुकड्याला एवढी घट येत नाही आणि चव तर त्याच घराण्यातली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, हात आखडता असेल तर आधी शिजवायचे प्रकार करा, वाळवण एखाद्या छोट्या तुकड्याचं हौसेपुरतं.

पैसे घालायचेच तर ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर घाला. मी सगळं इक्विलिब्रियम पद्धतीने करतो, म्हणजे मांसाच्या वजनाच्या प्रमाणात मीठ, जास्त खारट व्हायचा प्रश्नच नाही. मधला गोळा १.२ किलोचा भरला. एकूण मीठ अडीच टक्के म्हणजे ३० ग्रॅम, त्यातलं क्युरिंग सॉल्ट नंबर १ पाव टक्का म्हणजे ३ ग्रॅम, उरलेलं २७ ग्रॅम साधं मीठ. नंबर १ मध्ये नायट्राइट ६.२५ टक्के असतं, म्हणजे मांसात पोचतं १५६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५६ भाग) आसपास, बरोब्बर हवं तेवढं. पण पाकिटावरची टक्केवारी वाचल्याशिवाय हा हिशोब लावू नका हां, काही देशांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास नायट्राइट असलेलं मिठाचं मिश्रण मिळतं, त्याचं प्रमाण पार वेगळं. आणि गुलाबी सैंधव म्हणजे क्युरिंग सॉल्ट नव्हे, रंग सारखा असला म्हणून काय झालं, त्यात नायट्राइट नसतं आणि बोट्युलिझमपासून (जिवाणूंच्या विषाने होणारा जीवघेणा आजार) वाचवायचं काम नायट्राइट करतं. इथे चमच्याने अंदाजपंचे काम नाही. जाड मीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळं भरतं.

व्हॅक्यूम मशीन माझ्याकडे नाही आणि घेणारही नाही. झिपलॉक पिशवी तोंड थोडं उघडं ठेवून पाण्यात हळूहळू बुडवली की पाण्याच्या दाबाने हवा निघते, मग तोंड बंद. फ्रिज ४ अंशांच्या खाली, पिशवी रोज उलटायची. जाड तुकड्याला घाई करू नका, इक्विलिब्रियममध्ये चार दिवस जास्त गेले तर बिघडत नाही, कमी गेले तर मधोमध राखाडी डाग राहतो. नंतर पुसून एक रात्र जाळीवर उघडा ठेवला, पृष्ठभाग बोटाला जरासा चिकट लागायला लागला की ओव्हनमध्ये १०० अंशांवर, आतलं तापमान ६८ होईपर्यंत. कापल्यावर आरपार गुलाबी, पातळ चकती वाकवली तरी तुटत नाही. जाम खूश आहे.

मानेच्या तुकड्याला क्युरिंग सॉल्ट नंबर २ लावलंय, कारण ते लांबलचक काम आहे आणि त्यातलं नायट्रेट सावकाश नायट्राइट होत राहतं. हा कच्चाच खायचा असल्यामुळे ट्रिकिनेला नावाच्या परजीवी जंतासाठी आधी फ्रीझर, उणे १५ अंशांवर २० दिवस हा नियम १५ सेंटीमीटरपर्यंत जाडीला चालतो. सध्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये लटकतोय. फ्रॉस्ट फ्री फ्रिजची हवा कोरडी, त्यामुळे बाहेरची कड आधी कडक होते आणि आतलं पाणी अडकतं, म्हणून कापडावर अजून एक कागदाचा थर चढवलाय. तरीही कड झालीच तर हवं तेवढं वजन उतरल्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून काही आठवडे फ्रिजमध्येच पडू द्यायचा, ओल सगळीकडे सारखी पसरते.

चरबी अगदी बारीक कापून थोड्या पाण्यात मंद आचेवर वितळवली, पाणी उडालं की गाळली, पांढरीशुभ्र आली. क्युअर केलेल्या तुकड्याच्या कडा बीन्स शिजवताना टाकतोय, तेव्हा वेगळं मीठ घालत नाही.

आता सॉसेज. चरबी ३० टक्के धरणार आहे, किसायच्या आधी मांस आणि मशीनचे पार्ट्स दोन्ही गार करून. हाताने भरायचं सोपं जुगाड कोणाकडे असेल तर सांगा, स्टफर घ्यायचा विचार नाही.