बोअरला उगाच शिव्या

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव भागातून आमच्या माती-पाणी तपासणीच्या लॅबला फोन सुरू होतात. त्या दिवशीच्या फोनवर निदान तयारच होतं. "साहेब, ड्रिप चोकअप झालंय. बोअरचं पाणी खारट. रिपोर्ट द्या, ॲसिड सोडतो." आम्ही फक्त शिक्का मारायचा.

बागेत जाऊन एक ड्रिपर फोडला. आत पांढरी पूड, बोटावर पिठासारखी मऊ. बोअरच्या क्षाराची खपली अशी नसते, ती नखाला कडक लागते. पुडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले. कार्बोनेट असतं तर फसफसलं असतं. इथं बुडबुडा नाही, पूड मुकाट विरघळली. मला खतातल्या फॉस्फेटचा संशय यायला लागला.

"दादा, खतं कशी सोडता?"

"एकाच बॅरलात. कॅल्शियम नायट्रेट आणि बारा एकसष्ट. दोन-दोनदा कोण करत बसणार?"

काचेचे दोन ग्लास मागवले. एकात कॅल्शियम नायट्रेट विरघळवलं, दुसऱ्यात 12:61:00 म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट (आकडे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फेट, आणि पालाश यांच्या टक्क्यांचे). दोन्ही पाणी नितळ. एकात एक ओतलं आणि बघता बघता सगळं पांढरं गढूळ झालं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून तळाला बसतात; नायट्रेट आणि अमोनियम पाण्यातच राहतात. म्हणून वेलीला नत्र पोचत होतं, पानं हिरवीगार, आणि कुणाला शंकाच आली नाही. सगळ्यात महागाचं 61 टक्के स्फुरद मात्र नळीत अडकलेलं.

दादा गप्प. मागून वहिनी म्हणाल्या, "बॅरलच्या तळाचा पांढरा गाळ मीच धुऊन टाकते दरवेळी. मला वाटलं, खतात भेसळ असंल."

भेसळ नव्हती. पोतं अस्सल होतं, म्हणून तर इतका गाळ. पण बॅरल कोण धुतं हे विचारायचं मलाही आधी सुचलं नव्हतं.

नळीतला गाळ विरघळवायला ॲसिड सोडावं लागणारच होतं. ॲसिड पाण्यात ओता, ॲसिडमध्ये पाणी नको, हे दोनदा बजावलं. नंतर एंड कॅप, म्हणजे नळीच्या टोकाचं टोपण, काढून लाइन धुवायची आणि ही दोन खतं वेगवेगळ्या दिवशी सोडायची. जे ड्रिपर पार बुजलेत ते बदलायचे.

मी निघालो तेव्हा वहिनींनी विचारलं, "मग कॅल्शियमबरोबर 0:0:50 तरी चालेल का?"

"नाही. त्यात सल्फेट आहे, कॅल्शियमला धरून जिप्समचा गाळ होऊन बसेल."

"आणि 13:0:45?"

"ते पोटॅशियम नायट्रेट, ते चालेल."